शंभर वर्षांपूर्वी आजोबा कुठे उभे होते

४ एप्रिल २०१६ रोजी आमच्या कुरेसावा व्यापारी संघाने ‘उनसेकीजी : काल आणि आज’ या पुस्तिकेसाठी तीन लाख शहाऐंशी हजार चारशे येन मंजूर केले. ठराव मीच लिहिला, म्हणून आकडा पाठ आहे. उनसेकीजी हे आमचं देऊळ. त्याच्या मोठ्या दरवाजाला त्या वर्षी शंभर वर्षं होत होती. पुस्तिकेत डाव्या पानावर जुना फोटो आणि उजव्या पानावर त्याच जागेवरून काढलेला आजचा, अशी योजना होती. जुने फोटो उमेदा फोटो स्टुडिओच्या कपाटात होते. नवे काढणार होत्या त्याच स्टुडिओच्या मालकीणबाई, उमेदा फुसाए.

फुसाए-सान तेव्हा बहात्तर वर्षांच्या होत्या. उंची बेताची, अंगात बारा महिने खूप खिशांचं एक मासेमाराचं जाकीट, आणि गावात कुणाशीही बोलताना नजर समोरच्याच्या हनुवटीवर. गावातल्या प्रत्येकाचा सातव्या वर्षीचा, लग्नाचा आणि अंत्यविधीत फुलांमध्ये ठेवायचा फोटो त्यांनीच काढलेला. त्यामुळे “हनुवटी खाली!” हे त्यांचे शब्द ऐकल्याशिवाय कुरेसावात माणूस जन्माला येऊन मरूही शकत नाही, असं लोक म्हणत. मी व्यापारी संघात अडतीस वर्षं नोकरी केली, दोन अध्यक्षांचे हिशेब सावरले, निवृत्तीला वर्ष उरलं होतं, तरी त्यांच्या तोंडी मी ‘तेई-चान’च होतो, शाळकरी पोराला हाक मारावी तसा. चारचौघांत, सभेत, बँकेच्या माणसांसमोरही.

“तेई-चान, हे माझं शेवटचं काम,” ठराव झाला त्या दिवशीच त्यांनी सांगून टाकलं. “ऑक्टोबर संपला की दुकान बंद. आता लोक फोनवरच फोटो काढतात, हनुवट्या वर करून. त्यांना सांगून सांगून माझा घसा गेला.”

“मग पुस्तिका छान होऊ दे.”

“छान झाली नाही तरी चालेल. दरवाजाचा फोटो बरोबर आला पाहिजे. आजोबा जिथे उभे होते तिथेच मला उभं राहायचंय. वीतभरही इकडेतिकडे नाही.”

दरवाजाचा तो फोटो साऱ्या गावाला माहीत होता. १९१६ साली दरवाजा बांधून झाला तेव्हा फुसाए-सानच्या आजोबांनी काढलेला. नावाचा फलक अजून चढायचा होता, पायऱ्यांवर गावातली झाडून सारी मंडळी किमोनो घालून बसली होती, बाजूला दगडी कंदील. देवळाच्या सभागृहात उंचावर, तुळईच्या वर, ती मोठी प्रत टांगलेली होती. पण तिची खरी गंमत वेगळी होती. १९६४ साली मूळ काचेच्या निगेटिव्हवरून ती मोठी प्रत छापली होती फुसाए-साननी, वयाच्या विसाव्या वर्षी, वडिलांनी त्यांच्या हाती सोपवलेलं पहिलं काम म्हणून. वडील गेन्किची-सान म्हणजे तोंडातून शब्द काढायला चिमटा लागेल असा माणूस. डार्करूममधून बाहेर आलेली ओली प्रत त्यांनी पाहिली आणि म्हणाले, “ठीक आहे.”

“आयुष्यात एकदाच म्हणाले हो,” फुसाए-सान सांगत. “एकदाच. त्याच हिवाळ्यात न्यूमोनियाने गेले. तेवढ्या ‘ठीक आहे’वर मी बावन्न वर्षं दुकान चालवलं.”

कामाची त्यांची पद्धत अशी. जुन्या फोटोतल्या ठळक रेषा त्या पारदर्शक कागदावर गिरवून घेत. मग तो कागद कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर लावायचा आणि कॅमेरा इकडेतिकडे हलवत राहायचं, समोरचं देऊळ त्या रेषांत चपखल बसेपर्यंत. रेषेवर रेषा बसली की समजायचं, आजोबा इथेच उभे होते. तिपाई त्यांच्या खांद्यावर, छत्री आणि पिशव्या माझ्या. संघाने मला देखरेखीला नेमलं होतं. देखरेख म्हणजे ओझं उचलणं, हे पहिल्याच दिवशी कळलं.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. घंटेच्या मनोऱ्याचा फोटो जिथून काढला होता तिथे आता न्हाव्याचं दुकान निघालं. दुकानात बरोबर मधल्या खुर्चीची जागा. खुर्चीत गिऱ्हाईक, अर्धी दाढी झालेलं.

“उठा जरा,” फुसाए-सान म्हणाल्या.

“अहो, फेस आहे तोंडाला!”

“मी तुमचा फोटो काढत नाहीये. आणि काढते तेव्हा मानता का माझं? लग्नात सांगत होते हनुवटी खाली, तर घेतली का?”

तो मुकाट्याने उठला. त्या खुर्चीवर चढल्या, न्हाव्याने पायाशी दांडा मारून खुर्ची वर केली, आणि रेषेवर रेषा बसली. तळ्याच्या फोटोची जागा एका थंड पेयांच्या यंत्राने अडवली होती. ते तासभरासाठी सरकवायला कंपनीचा माणूस शेजारच्या गावातून आला आणि जाताना स्वतःचा फोटो काढून घेऊन गेला. हनुवटी खाली.

मग आलं दरवाजाचं प्रकरण.

पहिल्या दिवशी जागा मिळाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोटोत दरवाजा जरा तिरका दिसतो, डावीकडून पाहिल्यासारखा. उजव्या अंगाला कंदील. कंदील तर आजही दरवाजाच्या उजव्याच अंगाला आहे. म्हणून फुसाए-सान डावीकडे डावीकडे सरकत गेल्या. आणखी डावीकडे, आणखी जरा. शेवटी मी त्यांच्या जाकिटाला मागून धरलं, कारण पुढे ओढा होता. देवळाच्या पश्चिमेला जमीन संपते आणि वीसेक हात खाली पाणी वाहतं. आजोबांची जागा येत होती ती त्या पाण्याच्या वर, निव्वळ हवेत.

“आजोबा उडत होते की काय?” मी म्हणालो.

“गप रे. तेव्हा इथे काहीतरी असणार.”

हे ‘काहीतरी’ शोधायला आम्ही गावात विचारपूस सुरू केली, आणि इथून मला जरा नवल वाटू लागलं. कारण गावातल्या म्हाताऱ्यांकडे उत्तर तयार होतं, पण प्रत्येकाकडे वेगळं. टोफूवाले कुवाबारा हेइजि-सान, वय सत्तर, टोफू कापता कापता म्हणाले, “पूल होता तिथे. लाकडी.” न्हावी म्हणाला, “पूल कसला? वरून पुढे आलेला एक खडक होता, तो पडला.” गोड पदार्थांचे दुकानदार ओरिबे-सान यांनी तर कमाल केली. ते म्हणाले, “होडी असेल.”

“होडी? वीस हात उंच?” मी विचारलं.

“पाणी जास्त असेल तेव्हा,” ते म्हणाले आणि आत निघून गेले.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. पूल म्हटला की खर्च आला, आणि खर्च म्हटला की कुठेतरी नोंद आली. गावाचे जुने जमाखर्च मी उलटून पाहिले. ओढ्यावर पूल कधी नव्हताच. हे मी फुसाए-सानना सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि निकाल दिला, “मग बांबूची परांची बांधली असेल आजोबांनी. हट्टी होते. आपणही बांधू.”

“आपण?”

“पाण्यावर तिरकी काढायची, टोकाला फळी. मी चढते.”

“तुम्ही बहात्तर वर्षांच्या आहात.”

“फळीला कुठे माहितेय?”

देवळाचे गुरुजी फार सज्जन. ते मूळचे इथले नव्हेत. देवळाच्या मुलीशी लग्न करून घरजावई म्हणून आले, आणि म्हणून गावातल्या कुठल्याही गोष्टीला हळूच होकार देण्याची त्यांना सवय. त्यांनी परवानगी दिली. परांचीवाल्याने सांगितलेली रक्कम ऐकून मीच आडवा पडणार होतो, पण फुसाए-सान म्हणाल्या की जास्तीचे पैसे दुकानाच्या सामानविक्रीतून देईन.

जूनमधल्या एका स्वच्छ सकाळी परांची उभी राहिली. रस्त्यावर बघे जमले. त्यांत गावातली सारी म्हातारी मंडळी होती, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. फुसाए-साननी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि पहिल्या बांबूवर पाय ठेवला. दुसऱ्यावर ठेवला. परांची कुरकुरली. तेवढ्यात समोरून, टोफूच्या दुकानाच्या माडीवरून, एक किरटा पण खणखणीत आवाज आला.

“उतर! आधी उतर खाली, गाढवे!”

खिडकीत इने-आजी उभी होती, हेइजि-सानची आई. वय एक्याण्णव. गुडघ्यांमुळे ती माडी उतरत नसे. खिडकीतूनच सगळ्या रस्त्याचा कारभार बघे.

“आई!” हेइजि-सान खालून ओरडले. “आई, आपण शब्द दिलाय!”

“शब्द गेला खड्ड्यात! पोरगी मरेल! फुसाए, वर ये. आणि येताना ती तुझी कागदं आण.”

फुसाए-सान मुकाट खाली उतरल्या. ही गोष्ट माझ्या आयुष्यात मी प्रथमच पाहिली. मीही त्यांच्या मागून टोफूवाल्यांच्या माडीवर गेलो. पिशव्या माझ्याकडेच होत्या.

इने-आजी भिंतीला टेकून बसली होती. तिने खिडकीकडे बोट दाखवलं. “तुझे आजोबा इथे उभे होते. या खिडकीत. माझ्या सासूने त्यांना चहा दिला होता, हे ती मरेपर्यंत सांगायची.”

“इथे कसे असतील?” फुसाए-सान म्हणाल्या. “इथून दरवाजा उलट्या बाजूने दिसतो. उजवीकडून.”

“हो ना. मग तुझा तो कागद उलटा धर.”

फुसाए-साननी पारदर्शक कागद खिडकीच्या काचेवर लावला. सुलटा लावला, काहीच जुळेना. मग त्यांनी तो पालथा केला. जरा वर, जरा डावीकडे. आणि मी पाहिलं, दरवाजाचं छप्पर, खांब, पायऱ्यांची कड, सगळं एकेक करून रेषेत जाऊन बसलं. फक्त कंदील बसेना. कागदावर तो आता डावीकडे होता आणि अंगणात उजवीकडे.

फुसाए-सानचा हात काचेवर तसाच राहिला.

“काच पालथी पडली होती,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “मी निगेटिव्ह पालथी ठेवून छापलं.”

“हं,” इने-आजी म्हणाली.

“तुम्हाला कसं कळलं?”

“अगं, त्या फोटोतली सगळी माणसं किमोनोची उजवी बाजू वर घेऊन बसलीत!”

डावी बाजू वर घ्यायची, हे आम्हाला चालायला लागल्यापासून शिकवतात. उजवी बाजू वर असते ती फक्त मढ्याची, तिरडीवर ठेवताना. त्या फोटोत गावातली झाडून सारी मंडळी, माझे पणजोबासुद्धा, मढ्यासारखी नेसून पायऱ्यांवर हसत बसली होती. बावन्न वर्षं. तुळईच्या वर, अंधारात, आणि प्रत्येक श्राद्धाला आम्ही खाली बसून जेवत होतो. माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं. ज्यांच्या आलं होतं ते बोलले नव्हते.

“बाबांना?” फुसाए-साननी विचारलं. तेवढाच शब्द.

इने-आजीने पाय पसरले, गुडघा चोळला. “घरी ओली प्रत बघितली तेव्हा नाही कळलं त्याला. टांगल्यावर कळलं. समारंभ चालू होता, तू नवीन किमोनो घालून उभी होतीस, फुगून. गेन्किचीने वर बघितलं आणि त्याचा चेहरा टोफूसारखा झाला. दुसऱ्या दिवशी घरोघर आला. हातात गोड वड्यांचा डबा. प्रत्येक घरी वाकून म्हणाला, ‘मुलीने उलटं छापलंय. पहिलं काम आहे. एक वर्ष कुणी बोलू नका. तिचा हात बसला की मी स्वतः सांगेन.’ मी तर म्हटलं, अरे, आजच सांग आणि दुसरं छाप. तर म्हणतो, ‘काच कुठे जात नाही, तिची हिंमत जाईल.’ एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून तेव्हाच ऐकलं.”

“आणि मग हिवाळ्यात…”

“मग तो गेला. आता सांगणार कोण? ‘मी स्वतः सांगेन’ म्हणाला होता. आम्ही वड्या खाऊन बसलेलो.”

लाल चवळीच्या त्या वड्या मला आठवल्या. मी सात वर्षांचा होतो. आईने एक जाड तुकडा कापून दिला होता आणि म्हणाली होती, खा आणि गप्प बस. मला वाटलं होतं, ती नेहमीचंच सांगतेय.

“पण कंदील?” मी विचारलं. “कंदील उजवीकडे कसा आला?”

खाली दुकानातून हेइजि-सान वर आले होते. त्यांनी मान खाली घालून सांगितलं. एकोणऐंशीच्या वादळात दरड आली, कंदील ओढ्यात गेला, पाया चिखलात बुडाला. क्रेनवाले परगावचे. गुरुजी नवे. त्यांनी सभागृहातला फोटो पाहिला आणि म्हणाले, उजवीकडे ठेवा.

“आणि तुम्ही सगळे?”

“आम्ही तिथेच उभे होतो,” हेइजि-सान म्हणाले. “काय बोलणार? डावीकडे म्हटलं असतं तर गुरुजींनी का म्हणून विचारलं असतं.” आधी तो डावीकडे होता हे फुसाए-सानना आणि मलाही आठवलं नव्हतं; फोटोत उजवीकडे, म्हणजे पहिल्यापासून उजवीकडेच, असं आम्ही धरून चाललो होतो.

थोडक्यात, एका मुलीला वाईट वाटू नये म्हणून माझ्या गावाने दोन टनांचा कंदील चुकीच्या जागी उभा राहू दिला होता.

फुसाए-सान सभागृहात गेल्या, शिडी लावून वर चढल्या, आणि फोटोला नाक लावून एकेका माणसाची छाती तपासली. खाली उतरल्या तेव्हा रागाने लाल झाल्या होत्या. “सगळ्या गावाला मढं करून टांगलं मी, आणि कुणी हूं की चूं केलं नाही! किती दुष्ट लोक आहात तुम्ही!” आणि त्यांनी दुकानाचं शटर ओढून घेतलं.

आठवडाभर शटर वर गेलं नाही. छापखान्याची तारीख जवळ येत होती. गुरुजी आणि मी बसलो आणि आमच्या परीने शहाणपणाचा मार्ग काढला: फोटो आहे तसाच, उलटाच छापावा. आजचा फोटो कुठून तरी जवळपासचा घ्यावा. कुणीही काही म्हणणार नाही, हे तर सिद्धच झालं होतं. आमच्या दोघांच्याही मनात एकच गोष्ट होती. ती चूक पुस्तिकेत सुधारली, तर बावन्न वर्षांच्या दुकानाचा शेवट त्या चुकीवर होणार, आणि ते ‘ठीक आहे’ खोटं ठरणार.

मी हे सांगायला स्टुडिओच्या मागच्या दारी गेलो. दार उघडंच होतं. डार्करूमच्या औषधांचा वास येत होता. फुसाए-सान टेबलाशी बसून एक ओली प्रत न्याहाळत होत्या. दरवाजा, पायऱ्या, माणसं, डावीकडे कंदील. सगळ्यांचे किमोनो जिवंत माणसांसारखे.

“बघ, तेई-चान. तुझे पणजोबा. हनुवटी वर आहे. पण जिवंत आहेत.”

मी आमचा शहाणपणाचा मार्ग सांगितला. त्यांनी ऐकून घेतला.

“बाबांनी एक वर्षाची मुदत मागितली होती,” त्या म्हणाल्या. “मुदत संपून बराच काळ झाला. आता हात बसला असं मी धरते.”

“पण ते ‘ठीक आहे’ म्हणाले होते…”

“ते चुकून म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी घरोघर वाकत फिरले, ते काही चुकून नाही. वाकणं त्यांना बोलण्याहून जड जायचं. मला तेवढं पुरतं. छाप.”

नवा फोटो त्यांनी इने-आजीच्या खिडकीतून काढला. आजीने सुनेला सांगून चहा दिला, आणि सासूने दिला होता त्याहून चांगला आहे हे कबूल करून घेतलं. पायऱ्यांवर सगळं गाव बसलं, शंभर वर्षांपूर्वीसारखं. फुसाए-सान माडीवरून रस्ता ओलांडून ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, आणि एकजात सगळ्या हनुवट्या खाली गेल्या.

पुस्तिका सप्टेंबरात निघाली. मधल्या जोडपानावर डावीकडे १९१६, उजवीकडे २०१६. दोन्हींत दरवाजा, छप्पर, पायऱ्या यांत केसाचा फरक नाही. फक्त कंदील एका फोटोत डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे. खाली ओळ फुसाए-साननीच लिहून दिली होती आणि एक अक्षर बदलू दिलं नाही: ‘१९६४ मध्ये उमेदा फुसाए हिने मूळ काच पालथी ठेवून छापल्यामुळे कंदील हलला आहे.’ पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढावी लागली. लोक शेजारच्या गावांतून कंदील बघायला येऊ लागले, आणि टोफूचा खपही वाढला. सभागृहात आता दोन्ही प्रती शेजारी शेजारी आहेत. जुनी काढायला गुरुजी तयार होते. गावाने काढू दिली नाही.

ऑक्टोबर संपला तसं दुकान बंद झालं. शेवटच्या दिवशी फुसाए-सान मला घेऊन ओरिबे-सानच्या दुकानात गेल्या. गेन्किची-साननी तेव्हा वड्यांचे डबे तिथूनच घेतले होते. बाकी सगळे रोखीने, शेवटचा एक उधार. ओरिबे-सानच्या वडिलांनी ते मुलाला सांगून ठेवलं होतं. फुसाए-साननी पाकीट काढलं.

“घेणार नाही,” ओरिबे-सान म्हणाले. “पैसे गप्प बसण्याचे होते. आम्ही तर बोललो.”

“बोलली इने-आजी. तुम्ही होडी सांगितलीत.”

“ते असू दे. कंदील जागेवर गेला की घेईन. तोवर आमचं तोंड गोडच आहे.”

कंदील हलवायचा खर्च मी काढून ठेवला आहे. गुरुजी म्हणतात, बघू. गाव म्हणतं, राहू दे. एका डब्याचे एकशे ऐंशी येन उमेदा स्टुडिओकडून ओरिबे यांना अजून येणं आहे.